तू न घेतलेलं औषध

मित्रा,

तू गेल्यापासून घरी येणारं प्रत्येक माणूस एकच प्रश्न विचारतं. चपला दाराबाहेर काढतात, तुझ्या फोटोला फूल वाहतात, पाण्याचा पेला हातात घेतात आणि मग विचारतात, "मित्राताई स्वतः कॅन्सरच्या औषधावरच संशोधन करत होत्या ना?" कुणाच्या आवाजात खरी हळहळ असते. कुणाच्या आवाजात आपल्या पुण्यात जे असतं ते असतं. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ तर खुर्चीत टेकता टेकताच म्हणाले, "दिव्याखाली अंधार, दुसरं काय!" तुझे दादा, म्हणजे आमचे हे, उठून आत निघून गेले. मी म्हटलं, "चहा घेणार?"

एरवी मी तुझ्या वतीने भांडले असते, तुला ठाऊक आहे. शाळेत मराठी शिकवण्यात जन्म गेला, शब्दांना मी कमी पडत नाही. पण आता त्राण नाही. तुझं आजारपण अंगात असं मुरलंय की झोपून उठलं तरी थकवा तसाच असतो. म्हणून त्यांना उत्तर देण्याऐवजी तुलाच लिहायला बसले आहे. तुला पहिल्यापासून काही समजावून सांगावं लागणार नाही. तरी सांगणारच आहे. नणंदेला चार गोष्टी पहिल्यापासून सुनवायचा हक्क भावजयीला असतो, आणि तो मी तुझ्या हयातीत पुरता वापरलेला नाही.

मी लग्न होऊन भंडाऱ्याहून खडकीच्या क्वार्टरमध्ये आले तेव्हा तू एम.एस्सी. करत होतीस. मामंजी दारूगोळ्याच्या कारखान्यात. दोन खोल्या, भिंतीवर बुद्धांची तसबीर, आणि तिच्याखाली तुझं टेबल, ज्याला हात लावायची सासूबाईंनाही मुभा नव्हती. ओळीतल्या बायका त्या टेबलाकडे देव्हाऱ्याकडे बघावं तशा बघायच्या. मी मराठी घेऊन बी.ए. झालेली, तू रसायनशास्त्रवाली. पहिले काही महिने आपण एकमेकींशी ‘मीठ दे’ आणि ‘नळ गेला’ याच्यापलीकडे बोललो नाही. मला वाटायचं तुला शिष्टपणा आहे. तुला वाटायचं मला नागपुरी हेल आहे. दोन्ही खरं होतं.

मग रंगपंचमी आली. माझ्या आईने डब्यात पळसाची वाळलेली फुलं दिली होती, ती मी भिजत घातली. आमच्याकडे तोच रंग. दादांनी त्या केशरी पाण्याचा तांब्या थेट तुझ्या पांढऱ्या एप्रनवर रिकामा केला. सासूबाईंनी जीभ चावली. आता घर डोक्यावर घेणार म्हणून मी दाराआड झाले. पण तू एप्रन घेऊन मोरीत गेलीस, साबण लावलास आणि तिथूनच हाक मारलीस.

"वहिनी, इकडे ये. साबण लावल्यावर हा रंग उडायच्या ऐवजी गडद झाला. ह्याच्यात काय आहे?"

"पळस आहे."

"ते दिसतंय. पळसात काय आहे?"

मला काय माहीत पळसात काय असतं. आमच्या शिवारात उन्हाळा लागला की सगळं जंगल पेटल्यासारखं दिसायचं, त्यापलीकडे आम्ही कधी काही विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "तूच बघ शोधून." सहज बोलून गेले गं. तू ते ऐकशील असं वाटलं नव्हतं.

त्यानंतर दर उन्हाळ्यात माझ्या माहेराहून पळसाची फुलं येत राहिली, आधी डब्यात, मग पिशवीत, मग पोत्यात. पीएच.डी. झालीस, प्रयोगशाळेत लागलीस, मामंजी गेले, सासूबाई गेल्या, खडकी सुटली, आपण कोथरूडला आलो. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, तू पहिल्यावर. लग्नाचा विषय काढला की तू म्हणायचीस, "पोतं कुठे ठेवू मग?" दुपारचा डबा तुझा तू करायचीस. संध्याकाळी मात्र आमच्याकडे जेवायला. आणि जेवताना मला शिकवायचीस. झाडं ही द्रव्यं स्वतःसाठी तयार करतात, उन्हापासून, किडीपासून वाचायला. कांद्याच्या पापुद्र्यात असतात, चहात असतात, संत्र्यात, जांभळात, पळसाच्या पाकळीत असतात. त्यांना म्हणतात फ्लॅव्होनॉइड. ती काही आजारांत माणसाच्या पेशींवर काम करतील का, रक्तवाहिन्यांची सूज कमी करतील का, गाठ वाढायची थांबवतील का, हे तू बघत होतीस.

"ह्याला मराठीत काय म्हणू?" एकदा शाळकरी मुलांपुढे बोलायचं होतं तेव्हा तू विचारलंस.

"मूळ शब्दाचा अर्थ काय?"

"पिवळा."

"मग पीतद्रव्य म्हण."

"जांभळातल्याला पीतद्रव्य म्हणू? मुलं हसतील."

त्यावरून आपण किती वर्षं भांडलो. मी पीतद्रव्य सोडलं, रंगद्रव्य म्हटलं. तू म्हणालीस त्यातली कित्येक बिनरंगीच असतात. मी वनस्पतिरस म्हटलं. तू म्हणालीस, ते तर फुटपाथवर बाटलीत मिळतं. शेवटी तू तुझा फ्लॅव्होनॉइडच रेटलास. मी अजूनही म्हणते की शब्द मराठी झाल्याशिवाय माणसाच्या मनात गोष्ट घर करत नाही. तुझं म्हणणं होतं, घर केलं नाही तरी चालेल, चुकीचं घर करू नये. हा वाद आपला राहिलाच.

एके संध्याकाळी तू आलीस आणि पायातली चप्पल न काढताच म्हणालीस, "वहिनी, मेल्या."

"कोण मेल्या?"

"पेशी. कॅन्सरच्या. काचेच्या बशीत वाढवल्या होत्या, तुझ्या पळसातलं ते द्रव्य घातलं, आणि मेल्या."

मी हातातलं पीठ तसंच ठेवून तुला मिठी मारली. दादा आतून धावत आले. पेढे आणतो म्हणाले. तू म्हणालीस, "दादा, बस खाली. बशीतल्या पेशी मिठाच्या पाण्यानेही मरतात. माणूस बशी नाही." पण तुझे कान लाल झाले होते. मी पाहिलं होतं. तू कितीही कोरडं बोललीस तरी त्या दिवशी तू तीन पोळ्या जास्त खाल्ल्यास.

मग उंदीर झाले. काहींच्या गाठी लहान झाल्या, काहींच्या नाही. आणि मग तुझी खरी अडचण सुरू झाली. ते द्रव्य तोंडाने दिलं की आतड्यातून रक्तात जेमतेम चिमूटभर उतरायचं, आणि जे उतरायचं ते यकृत लगेच बदलून बाहेर टाकायचं. तू मला सांगितलंस, "आपल्या सोसायटीच्या सेक्रेटरीसारखं आहे बघ. नव्या माणसाला आत येऊ देत नाही. आलाच तर तासाभरात त्याच्या नावाची नोटीस." मी खूप हसले. तू नाही हसलीस. त्या तासाभराचे दोन तास करण्यात तुझी पुढची सगळी नोकरी गेली.

मग ती बातमी. तुझ्या एका भाषणाला कुणीतरी बातमीदार आला होता. तू ‘शक्यता आहे’ म्हणाली होतीस. बातमीत छापून आलं, पुण्याच्या संशोधिकेला पळसफुलात सापडलं कॅन्सर आणि हृदयविकारावर औषध. वर तुझा फोटो, हसताना. तुला हसताना कुणी पकडू शकला, त्याचंच मला आश्चर्य वाटलं. तू पेपर पाहिलास आणि चहा तसाच ठेवून खाली गेलीस. पण तोवर सोसायटीच्या ग्रुपवर बातमी फिरली होती, आणि ती सर्वांत आधी टाकली होती तुझ्या दादांनी.

त्यांचा तो आनंद तू पाहायला हवा होतास असं म्हणणार होते, पण तू तो पाहिलास, आणि त्याची फळंही. दादांच्या हृदयाची झडप तेव्हा नुकतीच बदललेली. रक्त पातळ राहण्याची गोळी रोजची, आणि ठरावीक दिवसांनी रक्ताची तपासणी. बातमीनंतर थोड्याच दिवसांत बाजारात कुणीतरी ‘पळस अर्क’ म्हणून कॅप्सूल आणली. डबीवर फुलाचं चित्र, जाहिरातीत तुझ्या बातमीचं कात्रण. दादांनी ती मागवली. मला म्हणाले, "मित्राचंच आहे, घरचं." मी म्हटलं, तिला विचारा. ते म्हणाले, "विचारलं तर ती नाहीच म्हणणार. तिला स्वतःचं कौतुकच करता येत नाही."

आठवड्या-दोन आठवड्यांत दात घासताना रक्त यायला लागलं. मग दंडावर काळेनिळे डाग. मग एका सकाळी नाकातून जे रक्त सुरू झालं ते थांबेचना. रिक्षात माझ्या मांडीवर तीन नॅपकिन भिजले. हॉस्पिटलमध्ये रक्त तपासलं तर ते नको इतकं पातळ झालेलं. डॉक्टरांनी विचारलं, नेहमीच्या औषधांशिवाय आणखी काही घेता का? दादा माझ्याकडे बघायला लागले. मी पर्समधून डबी काढून दिली.

तू प्रयोगशाळेतून तशीच आलीस. एप्रनही काढला नव्हतास. डबी हातात घेतलीस, उलटसुलट केलीस, वाचलीस. मला वाटलं रडशील. तू कॉटजवळ जाऊन उभी राहिलीस आणि म्हणालीस, "दादा, मरायला तुला माझंच नाव सापडलं का?"

दादा नाकात बोळा असताना म्हणाले, "अगं, तुझं औषध म्हणून..."

"माझं औषध नाहीये. माझ्याकडे औषध नाही. माझ्याकडे एक प्रश्न आहे. तू प्रश्न गिळलास."

"पण ह्याच्यामुळेच झालं कशावरून?" तेही तुझेच भाऊ.

रागातसुद्धा खोटं बोलता येत नव्हतं तुला. म्हणालीस, "ह्याच्यामुळे झालं असेल. नसेलही. तुझ्या गोळीशी ह्याची गाठ पडू शकते, एवढं मला माहीत आहे. शंभर टक्के नाही सांगता येणार." आणि मग कॉटच्या लोखंडी दांडीला डोकं टेकवून रडलीस. दादांनी सुई लावलेला हात कसाबसा उचलून तुझ्या केसांवर ठेवला. मी बाहेर जाऊन बसले. ती तुम्हा भावंडांची वेळ होती.

त्यानंतर तू त्या पेपरला खुलासा पाठवलास, तो आतल्या पानावर तळाशी आला. कॅप्सूलवाल्याला पत्रं घातलीस, त्याने कात्रण काढलं आणि फुलाचं चित्र मोठं केलं. मग तू सोसायटीच्या हॉलमध्ये सगळ्यांना बोलावलंस. मी आदल्या दिवशी तुझं मराठी तपासून दिलं होतं. तू सांगितलंस, कांदा खा, पेरू खा, संत्रं खा, चहा प्या, त्यात वाईट काही नाही. पण अन्न वेगळं आणि अर्क काढून डबीत भरलेलं वेगळं. चालू असलेलं औषध बंद करू नका, आणि डॉक्टरांना न सांगता नवं काही सुरू करू नका. सगळे शांतपणे ऐकत होते. शेवटी मागच्या रांगेतून एक काका उठले. "म्हणजे मॅडम, थोडक्यात, औषध नाही. मग इतकी वर्षं आपण काय केलंत म्हणायचं?" हॉलमध्ये हशा पिकला.

तू हसून माइक खाली ठेवलास. घरी आल्यावर ताटावर बसलीस आणि भाताला हात न लावता मला विचारलंस, "वहिनी, खरंच, काय केलं गं मी इतकी वर्षं?"

मला तेव्हा काही सुचलं नाही. मी म्हटलं, "जेवून घे, निवतंय."

आता सुचतं. सुचतं आणि सांगायला कुणी नाही. मी सांगितलं असतं की आमच्या शिवारात शेकडो वर्षं पळस फुलतोय आणि त्याच्यात काय आहे असं कुणी कधी विचारलं नाही. मी सांगितलं असतं की तुझ्यामुळे हा घरातला म्हातारा जिवंत आहे, कारण डॉक्टरांना काय सांगायचं ते तुझ्यामुळे मला ठाऊक होतं. फार मोठं काही नव्हतं. पण ताटावर बसून तेवढं ऐकलं असतंस तर भात निवला नसता.

त्यानंतर वर्षभराने तुझं पोट दुखायला लागलं. तू म्हणालीस ॲसिडिटी. मी म्हटलं, तपासून घे. अंडाशयाचा निघाला, आणि बराच पसरलेला.

ऑपरेशन झालं, केमो सुरू झाली. केस गेले, तेव्हा तू म्हणालीस, बरं झालं, डोकं कोरडं करण्यात वेळ जायचा. खाली तुझ्या घरात एकटीला ठेवणं शक्य नव्हतं, तू आमच्याकडे वर आलीस. आणि त्या फाल्गुनात माझ्या भाच्याने न सांगता भंडाऱ्याहून फुलांची पिशवी पाठवली. मी फुलं धुतली, उकळली, गाळून पेल्यात ओतली आणि तुझ्यापुढे ठेवली.

तू पेल्याकडे पाहिलंस. "हे काय?"

"तुला माहीत आहे काय आहे."

"नको, वहिनी."

"इतकी वर्षं ह्याच्यावर काम केलंस. दुनियेला नको देऊस. स्वतः तरी घे."

"काम केलंय म्हणूनच नको."

"एक पेला पळसाच्या पाण्याने काय होणार आहे?"

"काही होणार नसेल तर घ्यायचं कशाला? आणि काही होणार असेल तर केमोचं काम बिघडेल की सुधारेल, हे मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही."

"औषध म्हणून नको. माझ्या माहेरचं म्हणून घे."

"मग चहा दे. पत्तीही तुझ्याच पैशाची आहे."

दादा दारात उभे होते. ज्या माणसाचं त्याच नावाच्या डबीने रक्त वाहिलं होतं तोच माणूस म्हणाला, "मित्रा, घे गं. काय जातंय." तू आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघितलंस. तुझ्या त्या नजरेत राग नव्हता. तू दमली होतीस. कॅन्सरने नव्हे, आमच्यामुळे. मी पेला उचलला आणि चहा टाकला.

तरीसुद्धा सांगते, मी विचारलं ते चूक नव्हतं. आपलं माणूस समोर सुकत असताना कोण गप्प बसेल? तुझं बरोबर होतं, आणि माझंही चूक नव्हतं. हे दोन्ही एकदम कसं खरं असतं, ते मला अजून कळलेलं नाही.

केमोने वर्षभर साथ दिली. तेवढ्यात तू पुन्हा प्रयोगशाळेत जाऊन आलीस, स्कार्फ बांधून. मग तो परत आला आणि या वेळी औषधांना दाद देईना. डॉक्टरांनी आपल्या तिघांना बसवून सांगितलं. त्या दिवशी घरी येताना कर्वे रस्त्यावर वाहतूक तुंबलेली, रिक्षा जागची हलत नव्हती, आणि मी तुझा हात धरून म्हटलं, "आता तर केमोही नाही. आता बिघडायला काही उरलं नाही. आता घे."

तू म्हणालीस, "वहिनी, समज घेतलं. चार महिने जास्त जगले, तर लोक म्हणतील, पळसाने जगवलं. लगेच गेले, तर म्हणतील, उशिरा घेतलं. दोन्ही खोटं. आणि त्या खोट्याला माझं नाव. परत कुणाचा तरी दादा डबी मागवेल."

"लोकांचं राहू दे. माझ्यासाठी."

तू मान मागे टेकवलीस. रिक्षावाला आरशातून बघत होता. त्यानेच म्हटलं, "ताई, थोडं मागं सरका, वारा लागंल त्यांना." मी सरकले.

मला वाटलं, तू आता सगळं सोडून शांत पडशील. तू भलतंच केलंस. त्याच हॉस्पिटलमध्ये एका नव्या औषधाची चाचणी सुरू होती. तुझ्या पळसाशी त्याचा काही संबंध नव्हता, कुठल्या दुसऱ्याच लोकांनी तयार केलेली गोळी. निम्म्या रुग्णांना ती खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी नुसती. कुणाला कोणती, ते रुग्णालाही माहीत नाही आणि देणाऱ्यालाही नाही. तू डॉक्टरांना म्हणालीस, मला घ्या.

मी तेव्हा तुझ्याशी भांडले, आठवतं? स्वयंपाकघरात, कुकरच्या शिट्टीवर आवाज चढवून. म्हटलं, "माझ्या हातचं नको, आणि अनोळखी माणसांची गोळी चालते? तीही खरी की खोटी माहीत नसलेली?"

तू ओट्याला टेकून उभी होतीस. म्हणालीस, "आयुष्यभर उंदरांना न विचारता घेतलं, वहिनी. मला निदान विचारतायत. नाही कसं म्हणू?"

"पण त्याचा तुला उपयोग?"

"बहुतेक नाही."

हे ‘बहुतेक नाही’ तू इतकं साधेपणाने बोललीस की मला कुकर बंद करायचंही भान राहिलं नाही. दादांनी येऊन गॅस बंद केला.

दर आठवड्याला आपण जायचो. रक्त काढायचे, पोटाचे फोटो काढायचे, प्रश्न विचारायचे, मळमळ किती, थकवा किती. तू प्रत्येक उत्तर विचार करून द्यायचीस. बाकीच्या बायका ‘बरं आहे’ म्हणून सुटायच्या. तू म्हणायचीस, "मंगळवारी जास्त होती, बुधवारी कमी, पण बुधवारी मी ताक घेतलं होतं, ते नोंदवा." ती विचारणारी मुलगी तुझ्यावर खूश. मला मात्र बाकावर बसून एकच दिसायचं, तुझ्यात उरलेली ताकद तिथे सुयांच्या वाटेने चालली होती. ते दिवस घरी खिडकीशी बसून घालवले असतेस, माझ्याशी शब्दांवरून भांडली असतीस. यासाठी मी तुला अजून पुरती माफ केलेली नाही. करीन बहुधा. आज नाही.

त्याच सुमारास तुझी विद्यार्थिनी ऋता घरी आली. तुझ्या द्रव्याच्या रचनेत तिने थोडा बदल केला होता आणि ते उंदरांच्या रक्तात आता बराच जास्त वेळ टिकत होतं. ती हे सांगताना रडत होती. तुला उशीला टेकून बसवलं होतं. तू तिला तीन-चार प्रश्न विचारलेस, मला एकही कळला नाही. मग म्हणालीस, "छान. पुन्हा कर." ती म्हणाली, "मॅडम, दोनदा केलंय." तू म्हणालीस, "दुसऱ्या कुणाकडून करून घे. तुझं माझ्यावर प्रेम आहे, तुझा भरवसा नाही." पोर हसायला लागली, डोळे पुसत. ती गेल्यावर तू मला म्हणालीस, "पोहे आहेत का गं?" कितीतरी दिवसांनी तू स्वतःहून काही मागितलं होतंस. बशीभर केले, तू चार घास खाल्लेस, त्यातला शेवटचा माझ्या हाताने. त्या चार घासांसाठी मी तुझी ऋणी आहे, मित्रा. कुणाला सांगितलं तर हसतील.

तू दुपारी गेलीस, दादा पेपर वाचून दाखवत असताना. ते वाचत राहिले, कारण त्यांना वाटलं तू डोळे मिटून ऐकते आहेस. मी त्यांना लगेच थांबवलं नाही. पान संपू दिलं.

पुण्यानुमोदनाच्या सभेत त्रिशरण-पंचशील झालं, तुझ्याविषयी लोक बोलले. थोर, ध्येयवेड्या, वगैरे. मला बोलायला सांगितलं तर मी नको म्हटलं. सभेत जे बोलतात ते तुझ्या अंगाला बसणारं नव्हतं, आणि जे बसणारं होतं ते सभेत बोलण्यासारखं नव्हतं.

काल दुपारी हॉस्पिटलमधून फोन आला. चाचणीचं काम बघणारी तीच मुलगी. तिला तुझ्या शेवटच्या आठवड्याबद्दल काही विचारायचं होतं. "काकू, आत्ता बोलता येईल का, की नंतर करू?" मी म्हटलं, विचार. ताप होता का, पोटात पाणी किती, गोळ्या शेवटपर्यंत घेतल्या का. तू दिली असतीस तशी उत्तरं द्यायचा प्रयत्न केला. जे नक्की आठवत नव्हतं तिथे ‘नक्की नाही’ म्हटलं.

मग मी विचारलं, "बाळ, एक सांगशील? तिला खरी गोळी मिळत होती की नुसती?"

"काकू, ते आम्हालाही माहीत नसतं. चाचणी पूर्ण झाल्यावरच उघडतात."

"ती कधी होणार पूर्ण?"

"नाही सांगता येत. दोन वर्षं, तीनही लागतील."

"आणि तेव्हा तरी कळेल, त्या गोळीने तिला काही फायदा झाला का?"

ती म्हणाली, "एकट्या मॅडमचं नाही कळणार, काकू. सगळ्यांचं मिळून कळेल."

दादा शेजारी उभे होते. फोनमधलं त्यांना सगळं ऐकू आलं होतं. ते खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले.

मी तिला म्हटलं, चालेल, कळलं की सांग. माझा नंबर पुन्हा एकदा दिला. मी उचलला नाही तर म्हणून दादांचाही दिला. आमची वयं तिला सांगितली नाहीत.